पंचगंगेचा अहवाल तिच्यातल्या जिवांकडून घ्या

राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा पातळी आणि 43 फुटांवर गेलं की धोका पातळी, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. जुलै उजाडला की सकाळी आधी फूट-इंच विचारले जातात, मग चहा. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांनी ही सवय लावली आणि ती योग्यच आहे. पण पाऊस संपल्यावर बंधाऱ्यांत बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) पडतात, हीच नदी टप्प्याटप्प्यावर साचून राहते, आणि तेव्हा तिच्या पाण्यात काय जगतंय आणि काय मरतंय, याचा एकही आकडा आपल्याला ठाऊक नसतो. तो आकडा काढता येतो. त्याला लागणारी साधनं जिल्ह्यातल्या प्राणिशास्त्राच्या बहुतेक प्रयोगशाळांत आजही आहेत. तो दर महिन्याला काढणं आणि लोकांसमोर मांडणं प्रदूषण नियंत्रण मंडळावर बंधनकारक करावं, एवढ्यासाठी हा लेख लिहितो आहे.

उन्हाळ्यात रुई, तेरवाड किंवा शिरोळच्या बंधाऱ्याजवळ मासे तडफडून वर येतात. पुढचा क्रम ठरलेला असतो. गावकरी संतापतात, मेलेले मासे गोळा करून अधिकाऱ्यांपुढे ठेवतात, पंचनामा होतो, बाटल्यांत नमुने भरले जातात. काही दिवसांनी अहवाल येतो: विरघळलेला ऑक्सिजन इतका, बीओडी (जिवाणूंना घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन) इतका, सीओडी (घाण रसायनाने मोडायला लागणारा ऑक्सिजन) इतका, सामू (आम्लता) इतका. हे मोजमाप खोटं नाही. मळीमिश्रित पाणी किंवा मैला नदीत आला की जिवाणू त्याच्यावर तुटून पडतात, पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि मासा गुदमरतो. ते मोजलंच पाहिजे. पण मासा हा या साखळीतला मोठा जीव आहे. त्याच्या कितीतरी आधी, कोणाच्या डोळ्यांना न दिसता, त्याचं अन्न असलेले बारीक जीव मरून गेलेले असू शकतात. पाण्यात ऑक्सिजन पुरेसा असताना, बीओडी मर्यादेत असताना, पाणी दिसायला नितळ असतानाही ते मरू शकतात. त्यांचा पंचनामा कोणी करत नाही.

प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती एकत्र येतात. तिथून पंचगंगा म्हणून निघालेली नदी सुमारे 80 किलोमीटरवर नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळते. एवढ्याशा प्रवासात तिच्यात काय काय उतरतं ते नुसतं आठवून बघा. दोन्ही काठांना ऊस आहे. मुळं खाणाऱ्या हुमणी अळीसाठी फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकांची आळवणी होते, म्हणजे ती मुळाशी ओतली जातात, खोडकिडीसाठी क्लोरँट्रानिलिप्रोल दिलं जातं, तणासाठी ॲट्राझीन, मेट्रिब्युझिन, 2,4-डी मारलं जातं. शिरोळ तालुक्यात भाजीपाला आणि द्राक्षं आली, म्हणजे बुरशीनाशकं आली. शहरातून जयंती नाला येतो. मधुमेहाची मेटफॉर्मिन शरीरात मोडत नाही, जशी घेतली तशी लघवीवाटे बाहेर पडते. तिच्याबरोबर वेदनाशामकं, अँटिबायोटिक्स, फिनेल, शाम्पू, कपड्यांची पावडर. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या आणि यंत्रभागांचे कारखाने आले की धातू आले, कटिंग ऑइल आलं. इचलकरंजीला रंग, सायझिंगची (सुताला खळ द्यायची) रसायनं आणि कापड धुण्यासाठी लागणारे फेसकारी पदार्थ मिळतात.

या फेसकारी पदार्थांतलं नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट हे एक उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. जगभरच्या कापडधंद्यात ते वर्षानुवर्षं वापरलं गेलं. सांडपाण्याच्या प्रक्रियेत जिवाणू त्याची लांब शेपटी कुरतडतात आणि मागे नोनिलफिनॉल उरतं. ते मूळ पदार्थापेक्षा जलचरांना जास्त विषारी असतं, शिवाय शरीरात इस्ट्रोजेन या संप्रेरकाची नक्कल करतं. म्हणजे प्रक्रिया केंद्र नीट चाललं, बीओडी उतरला, अहवाल चांगला आला, तरी हे विष वाढलेलंच असू शकतं. युरोपीय संघाने फेब्रुवारी 2021 पासून धुता येणाऱ्या कापडात याच्या प्रमाणावर कडक मर्यादा घातली, ती तिथल्या नद्यांसाठीच. तिथे आयात केलेला कपडा घरी धुतला तरी त्यातून हे रसायन नदीत जात होतं. मग जिथे कापडावर प्रक्रिया होते तिथल्या नदीचं काय, हा प्रश्न आपण विचारायला हवा.

यातलं प्रत्येक रसायन पाण्यात लिटरमागे काही मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही कमी असू शकतं. बहुतेकांसाठी नदीच्या पाण्यात आपल्याकडे मर्यादाच ठरलेली नाही. ज्यांना ती आहे, ती एकेकट्या पदार्थासाठी आहे. प्रयोगशाळेत एक पदार्थ घेतला, त्याने किती जीव मरतात ते बघितलं, सुरक्षिततेसाठी ते प्रमाण आणखी काही पटींनी भागलं आणि आकडा ठरवला. नदीतल्या जिवाला मात्र एकेक पदार्थ वेगळा मिळत नाही. तो सगळं एकदम पितो, एकदम श्वासात घेतो.

हा जीव कसा असतो ते दाखवल्याशिवाय पुढे जाववत नाही. मी प्राणिशास्त्र शिकवतो. कळंब्याच्या तलावाच्या काठाला बारीक जाळी फिरवली की त्यात मोइना, सेरिओडाफ्निया असल्या पाणपिसवा सापडतात, आकाराने साधारण मिलिमीटरभर किंवा त्याहून लहान. काचपट्टीवर थेंबभर पाण्यात ठेवून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बघितली तर ती आरपार दिसते. पाठीशी हृदय इतक्या वेगाने धडधडत असतं की ठोके मोजता येत नाहीत. खाल्लेल्या शेवाळाने हिरवी झालेली आतड्याची वळणदार रेघ दिसते. पाठीवरच्या पिशवीत अंडी असतात, आणि नशीब चांगलं असेल तर पिलांचे काळे डोळे फिरताना दिसतात. शिरोळकडून येणारी एक विद्यार्थिनी पहिल्यांदा भिंगाला डोळा लावून ओरडली होती, "सर, हिचं काळीज दिसतंय की!" चांगल्या पाण्यात मादी नराविना माद्याच जन्माला घालते आणि दोन-तीन दिवसांआड नवी वीण सोडते. दिवसभर ती पाणी गाळत असते, शेवाळ खात असते, आणि माशाचं पिल्लू तिला खातं. तलावातलं पाणी हिरवं होण्यापासून रोखणारे जे जीव आहेत त्यांत तिचं काम मोठं आहे.

आता मिश्रणाचं गणित. ते सोपं आहे, आणि त्याच्या साधेपणामुळेच मला ते जास्त गंभीर वाटतं. समजा दहा रसायनं आहेत, सगळी एकाच पद्धतीने काम करतात, आणि पाण्यात प्रत्येकाचं प्रमाण त्याच्या घातक प्रमाणाच्या फक्त एक दशांश आहे. एकेकटं बघितलं तर कोणतंही घातक नाही. दहाही एकत्र आली की एक दशांश गुणिले दहा, बेरीज एक. म्हणजे घातक प्रमाण पूर्ण झालं. थेंबे थेंबे तळे साचे, ते असं. ही बेरीज 1926 मध्येच शास्त्रात मांडली गेली आणि वेगवेगळ्या पद्धतीने काम करणाऱ्या विषांसाठीचं दुसरं सूत्र 1939 मध्ये आलं. म्हणजे हे काही कालपरवा लागलेलं खूळ नाही.

2002 मध्ये लंडनच्या एका गटाने इस्ट्रोजेनसारखी वागणारी आठ दुर्बळ रसायनं घेतली. प्रत्येकाचं प्रमाण इतकं कमी ठेवलं की एकट्याने काहीच परिणाम दिसू नये. आठही एकत्र केल्यावर परिणाम ठळक दिसला. 2004 मध्ये जर्मनीत डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन आणि ॲस्पिरिन या चार वेदनाशामकांचा एकत्र परिणाम पाणपिसवांवर तपासला गेला. ज्या प्रमाणात एकेक औषध जवळजवळ निरुपद्रवी होतं, त्याच प्रमाणात चौघांचं मिश्रण चांगलंच विषारी ठरलं. या चारांतली निम्मी औषधं आपल्याकडे गल्लीतल्या मेडिकलमध्ये मागितली की मिळतात.

बेरजेच्याही पुढे जाणारी प्रकरणं आहेत. बागाईतदार शेतकरी एका पंपात बुरशीनाशक आणि कीटकनाशक एकत्र मारतो, मजुरी वाचते म्हणून. हेक्झाकोनॅझोल किंवा प्रोपिकोनॅझोल आणि त्यात सायपरमेथ्रिन हे पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक, हे मिश्रण गावोगाव चालतं. शरीरात शिरलेलं विष मोडून टाकणारी जी विकरं असतात, त्यांना या ॲझोल गटातली बुरशीनाशकं अडवून धरतात. एकदा ती अडली की पायरेथ्रॉइड कीटकनाशक शरीरात तसंच राहतं आणि त्याची मारकता कित्येक पटींनी वाढते. पाणपिसवांवर हे प्रयोग करून सिद्ध झालेलं आहे. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. असा गुणाकार होणारी मिश्रणं एकूणात थोडीच असतात, बहुतेक वेळा साधी बेरीजच होते. काही जण याचा आधार घेऊन मिश्रणाचा धोका फुगवून सांगितला जातो असं म्हणतात. मला उलट वाटतं. चमत्कारिक काही घडायची गरजच नाही, नुसती बेरीजसुद्धा जीव घ्यायला पुरेशी आहे. आणि आपले नियम बेरीजही करत नाहीत.

शिवाय मरण हा परिणामाचा शेवटचा टप्पा आहे, त्याच्या अलीकडे बरंच काही घडतं. पायरीप्रॉक्सिफेन हे कीटकांच्या वाढीत अडथळा आणणारं रसायन डासांच्या अळ्यांवर आणि पिकावरच्या पांढऱ्या माशीवर वापरतात. ते अत्यल्प प्रमाणात पाण्यात असलं तरी पाणपिसू मरत नाही, पण ती माद्यांऐवजी नर जन्माला घालू लागते. भरपूर अन्न आहे, पाणी ऊबदार आहे, वीण वाढायचे दिवस आहेत आणि अशा वेळी पिलं नर निघाली, की पुढच्या पिढीत वीण घटते. कोणत्याही बाटलीतल्या नमुन्यात हे दिसणार नाही. अमेरिकेत 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कृत्रिम डबक्यांत मॅलॅथिऑन दर आठवड्याला अगदी थोडं सोडलं. बेडकांच्या पिलांना ते थेट मारत नव्हतं. पण त्याने तरंगते बारीक जीव मारले, त्यामुळे पाण्यात तरंगणारं शेवाळ माजलं, तळापर्यंत उजेड पोचेना, तळाशी चिकटून वाढणारं शेवाळ घटलं, आणि त्यावर जगणारी पिलं वेळेत वाढली नाहीत. डबकं आटेपर्यंत बेडूक होणं त्यांना जमलं नाही. ज्यांनी रंकाळ्याचं पाणी हिरवंगार झालेलं बघितलंय आणि संध्यामठाजवळून नाकाला रुमाल लावून गेलेत, त्यांना या साखळीचा अर्थ वेगळा सांगायला नको. रंकाळ्यात मैल्याबरोबर येणारं नत्र आणि स्फुरद हे मुख्य कारण आहे यात शंका नाही. पण शेवाळ खाणाऱ्याचं काय झालं, हे आपण तिथेही कधी विचारलं नाही.

आता कायद्याकडे येतो. लोकांना वाटतं की जिवांवर पाणी तपासून बघायची चाचणी म्हणजे परदेशी थेर आहे. पर्यावरण संरक्षण नियमांतली सांडपाण्याची सर्वसाधारण मानकं उघडून बघा. तिथे जैवचाचणी लिहिलेली आहे: शंभर टक्के सांडपाण्यात 96 तासांनंतर 90 टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. म्हणजे जिवाला विचारून पाण्याचा निकाल लावायचा हे तत्त्व आपल्या कायद्याने केव्हाच मान्य केलं आहे. नदीतळाच्या लहान जिवांवरून पाण्याची प्रत ठरवायची पद्धत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने स्वतः यमुनेवर काम करून बसवली आहे, त्यात अ ते ई असे वर्ग आहेत. पद्धत आहे, नियम आहे, पण बंधाऱ्यावर उभं राहिलेल्या माणसाच्या हातात जो अहवाल पडतो त्यात पुन्हा तेच बीओडी आणि सीओडी. भिजत घोंगडं याला म्हणतात.

माशाच्या या चाचणीतही दोष आहेतच. चार दिवस मासा जगला म्हणजे पाणी चांगलं, असं होत नाही. त्याची वीण होते का, पिलं वाढतात का, हे चार दिवसांत कळत नाही. पाणपिसूची चाचणी यापेक्षा बोलकी असते. जन्मून 24 तास व्हायच्या आतली पिलं घ्यायची, किमान वीस, पाच-पाचचे चार पेले. प्रत्येक पिलाला किमान 2 मिलिलिटर पाणी. 48 तासांनी पेला हलकेच हलवायचा आणि 15 सेकंदांत जे पिलू पोहत नाही ते मोजायचं. शेजारी स्वच्छ पाण्यातला पेला ठेवायचा आणि त्यात दहा टक्क्यांहून जास्त पिलं निपचित पडली तर सगळी चाचणी रद्द करायची. हवी तर हीच चाचणी 21 दिवस चालवायची आणि प्रत्येक मादीला किती पिलं झाली ते मोजायचं. अमेरिकेत सांडपाण्याच्या परवान्यांत सेरिओडाफ्नियाची आठवड्याभराची चाचणी रुळलेली आहे. आपल्या उष्ण पाण्यात वाढणाऱ्या मोइना आणि सेरिओडाफ्निया इथेच मिळतात, परदेशातून काही आणायला नको.

पाणपिसू सगळं सांगेल असंही नाही. उसात वापरलं जाणारं इमिडाक्लोप्रिड तिला फारसं बाधत नाही. अल्पकाळाच्या चाचणीत ती लिटरमागे कित्येक मिलिग्रॅम पचवते. पण नदीच्या दगडाखाली राहणारी एकदिवशी माशीची अळी याच विषाने लिटरमागे मायक्रोग्रॅमच्याही अंशाला दीर्घकाळात मरते. फरक हजारोंच्या पटीचा आहे. म्हणून चाचणीला एक शेवाळ, एक पाणपिसू आणि तळातल्या एका कीटकाची अळी असे तिघं हवेत. तणनाशक शेवाळ सांगेल, ऑर्गनोफॉस्फेट (क्लोरपायरीफॉससारखी कीटकनाशकं) पिसू सांगेल, हुमणीचं औषध अळी सांगेल.

"पण साहेब, विषारी निघालं तरी दोषी कोण ते कसं ठरवणार? कारखाना म्हणणार शेतकरी, शेतकरी म्हणणार महापालिका." हा आक्षेप मी अनेकदा ऐकलाय आणि तो खोटा नाही. पंचगंगेच्या प्रश्नात एकमेकांकडे बोट दाखवणं हाच मुख्य उद्योग होऊन बसला आहे. पण जैवचाचणीची खरी ताकद इथेच आहे. पाणी विषारी निघालं की त्याच नमुन्याचे वेगवेगळे भाग करतात. एका पेल्यात ईडीटीए घालतात, ते धातूंना बांधून ठेवतं. त्यात पिसवा वाचल्या तर तांबं, जस्त, निकेल असल्या धातूंवर संशय, म्हणजे शोध कारखान्यांच्या दिशेने. दुसऱ्या पेल्यात सोडियम थायोसल्फेट घालतात, ते क्लोरीन मारून टाकतं. त्यात वाचल्या तर कुठल्यातरी प्रक्रिया केंद्रात किंवा ब्लीचिंगमध्ये क्लोरीन जास्त झालंय. तिसरा भाग सी-18 नावाच्या गाळणीतून काढतात, तिच्यात पाण्यात नीट न विरघळणारी सेंद्रिय रसायनं अडकतात. चौथ्यात पायपरोनिल ब्युटॉक्साइड घालतात. क्लोरपायरीफॉससारखं विष शरीरात गेल्यावर आधी सक्रिय व्हावं लागतं, ते सक्रिय होणंच हा पदार्थ थांबवतो, म्हणून पिसवा वाचतात. पायरेथ्रॉइड असेल तर उलट घडतं, पिसवा आणखी लवकर मरतात. चार-पाच पेल्यांत संशयितांची यादी शेकड्यावरून चार-दोनवर येते आणि मग महागडं यंत्र नेमकं कशावर लावायचं ते कळतं. आज आपण आधी यंत्र लावतो आणि यादीत जे असेल तेवढंच शोधतो. शंभर रसायनांच्या नुसत्या जोड्या 4,950 होतात आणि त्रिकुटं 1,61,700. कोणतीही प्रयोगशाळा एवढी मिश्रणं एकेक करून तपासू शकणार नाही. नदीच्या पाण्यात मात्र खरंखुरं मिश्रण तयारच असतं आणि त्याची चाचणी दोन दिवसांत होते.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: अजून मैलाच नीट अडत नाही, कसबा बावड्याचं 76 एमएलडीचं (दिवसाला 7.6 कोटी लिटर) सांडपाणी प्रक्रिया केंद्र असूनही पावसाळ्यात जयंती नाला ओसंडून नदीत जातो, आणि तुम्ही नॅनोग्रॅमच्या गोष्टी करताय? मैला आधी, हे मला शंभर टक्के मान्य आहे. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ येऊन माणसं दगावली, ती दूषित पाण्यानेच. पण उद्या शेवटचा थेंब मैलाही प्रक्रियेला गेला तरी फिटचं औषध कार्बामेझेपिन त्या केंद्रातून जवळजवळ जसंच्या तसं बाहेर पडतं, कारण ती केंद्रं त्यासाठी बांधलेलीच नाहीत. कोट्यवधी रुपये घालून केंद्रं उभी करताना त्यांनी नदी जगली की नाही हे कळण्याची सोय नको का? जैवचाचणी ही केंद्राच्या कामाचीही परीक्षा आहे.

तिसरा आक्षेप पोटाचा आहे. यंत्रमागाच्या खोलीत बारा तास उभा राहणारा कामगार आणि एक-दोन एकर उसावर घर चालवणारा शेतकरी, यांच्या माथ्यावर आणखी एक नियम का? त्यांच्या माथ्यावर तो मारू नये, हेच माझं म्हणणं आहे. युरोपीय संघाने 2024 च्या सांडपाणी कायद्यात दीड लाख लोकसंख्येइतका भार असलेल्या आणि त्याहून मोठ्या केंद्रांना सूक्ष्म प्रदूषकं काढण्याचा वाढीव टप्पा बंधनकारक केला, आणि त्या खर्चाचा किमान 80 टक्के वाटा औषध आणि सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकण्याची तरतूद केली. स्वित्झर्लंडने 2016 पासून माणशी वर्षाला कमाल 9 फ्रँक घेऊन हे काम सुरू केलं. विकणाऱ्याने वाटा उचलायचा, हे तत्त्व आपल्याला कोणी मना केलेलं नाही. आपण मात्र उलट वाट धरली. औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातल्या अँटिबायोटिक्सवर मर्यादा घालणारा मसुदा केंद्राने जानेवारी 2020 मध्ये काढला आणि ऑगस्ट 2021 च्या अंतिम अधिसूचनेतून त्या मर्यादा गाळून टाकल्या. हैदराबादजवळ पटणचेरूच्या सांडपाण्यात लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन सापडल्याचं 2007 मध्येच जगाला कळलं होतं, तरीही.

शेतकऱ्याला दोष देण्याआधी त्याला कोण सल्ला देतं ते बघावं. बहुतेक वेळा सल्ला औषधाच्या दुकानातून मिळतो आणि त्याच दुकानदाराला विक्रीचं टार्गेट असतं. हुमणीसाठी वळवाच्या पावसानंतर प्रकाश सापळे लावून भुंगेरे गोळा करणं, मेटारायझियम ही बुरशी जमिनीत घालणं, पाचट न जाळता सरीत ठेवणं, ही कामं गावाने मिळून केली तर आळवणी कमी होते. साखर कारखान्यांचे शेतकी विभाग गावोगाव पोचलेले आहेत. ऊस नोंदवायला येणारा माणूस हे सांगू शकतो. मुदत संपलेल्या गोळ्या घरोघरी गोळा करायला केरळच्या औषध नियंत्रण विभागाने कोझिकोडपासून सुरुवात केली आहे. आपल्याकडे त्या गोळ्या कचऱ्यात किंवा संडासात जातात.

आणि शेवटचा आक्षेप, जो उघडपणे कोणी बोलत नाही पण वागण्यात दिसतो: आता नदीचं पाणी प्यायचंच कुणाला आहे? काळम्मावाडी धरणाची थेट पाईपलाईन 2023 च्या दिवाळीत शहरापर्यंत पोचली आणि कोल्हापूरकरांनी सुटकेचा निःश्वास सोडला. इचलकरंजीने आधी वारणेचं पाणी मागितलं, वारणाकाठचे दानोळीकर आडवे आले. मग दूधगंगेची सुळकूड योजना निघाली, तर कागलकडून विरोध झाला. विरोध करणाऱ्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. स्वतःची नदी नासवून शेजाऱ्याच्या नदीला नळ लावायचा, हे कोणत्या गावाला रुचेल? आणि रुईपासून नृसिंहवाडीपर्यंत जी गावं नदीवरच जगतात, त्यांनी पाईपलाईन कुठून आणायची? तिथली जनावरं हेच पाणी पितात, भाजीला हेच पाणी जातं, आणि मासेमारी करणाऱ्या घरांची चूल याच पाण्यावर पेटते. शहराने नदीवरून नजर काढून घेतली की या गावांचा आवाज आणखी क्षीण होतो. मला या सगळ्या प्रश्नात सर्वांत जास्त भीती याची वाटते.

मागणी म्हणून मी एवढंच मांडतो. पंचगंगेवर राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड आणि शिरोळ या बंधाऱ्यांवर बरगे पडल्यापासून ते निघेपर्यंत दर महिन्याला पाणी घ्यावं. बरगे काढताना एकदा वेगळं घ्यावं, कारण साठलेलं सगळं तेव्हा एकदम खाली जातं. नमुना घेताना मंडळाचा माणूस आणि ग्रामपंचायतीचा माणूस दोघं हजर असावेत, बाटलीवर दोघांच्या सह्या असाव्यात. चाचणी शिवाजी विद्यापीठात आणि जिल्ह्यातल्या ज्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र, पर्यावरणशास्त्र शिकवतात तिथे व्हावी, मंडळाने पद्धत तपासून द्यावी आणि तिचा निकाल न्यायालयात पुरावा म्हणून टिकेल असा मान्य करावा. किती पिलं जगली, तो आकडा मराठीत त्या-त्या गावच्या चावडीवर लागावा. सलग दोन महिने पाणी विषारी निघालं तर पेल्यांची ती पुढची तपासणी आपोआप सुरू व्हावी, त्यासाठी कोणाला मोर्चा काढावा लागू नये. खर्च साखर कारखाने, औद्योगिक वसाहती, सामायिक प्रक्रिया केंद्रं आणि कीटकनाशकं विकणाऱ्या कंपन्यांनी वाटून घ्यावा. या वर्षीची सुरुवात तेरवाडपासून करावी, बरगे घातल्यावर पंधरा दिवसांनी, आणि त्या पहिल्या नमुन्याचा निकाल काहीही लागो, तो आठ दिवसांच्या आत जाहीर व्हावा.